दाद आणि फिर्याद

"मुलाचे वय काय?" असे कोणी विचारले, की जुन्या घरातल्या आजीचे उत्तर ठरलेले असे: "सोळावे लागले." पंधरा पुरी झाली, असे ती कधी म्हणायची नाही. पुरे झालेले वर्ष गेले, त्याचा हिशेब कशाला? लग्नाच्या बैठकीत, मुंजीचा मुहूर्त काढताना, शाळेत नाव घालताना मास्तरांपुढे, सगळीकडे हाच हिशेब चाले आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. या 'लागले' आणि 'संपले' यांच्यामधल्या एका वर्षापायी १८६९ साली लंडनमध्ये दोन हिंदी तरुणांची नोकरी हाती येण्याआधीच गेली होती. त्यांतला एक कलकत्त्याचा, दुसरा मुंबईचा. कलकत्त्याचे ते सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबईचे श्रीपाद बाबाजी ठाकूर.

त्या वर्षीच्या सनदी नोकरीच्या चढाओढीच्या परीक्षेत चार हिंदी विद्यार्थी एकदम उत्तीर्ण झाले. रमेशचंद्र दत्त आणि बिहारीलाल गुप्त हे उरलेले दोघे. त्याआधी या परीक्षेतून पार पडलेला हिंदी माणूस एकच, १८६३ सालचे सत्येंद्रनाथ टागोर. त्यांची पुढली सारी नोकरी आपल्या मुंबई इलाख्यात झाली. तेव्हा चौघांची नावे एका यादीत आलेली पाहून विलायतेतल्या काही मंडळींच्या भुवया वर गेल्या असल्या, तर नवल नाही. परीक्षेला बसण्याची कमाल वयोमर्यादा एकवीस वर्षांची होती. परीक्षा-आयुक्तांनी विद्यापीठाचे जुने कागद काढले. सुरेंद्रनाथांनी १८६३ च्या डिसेंबरात कलकत्त्याची प्रवेशपरीक्षा दिली तेव्हा वय सोळा लिहिले होते. त्या हिशेबाने १८६९ साली एकवीस उलटून गेली होती. ठाकुरांचीही तशीच भानगड निघाली. दोघांचीही नावे यादीतून खोडली गेली.

वास्तविक सुरेंद्रनाथांचा जन्म १० नोव्हेंबर १८४८ चा. म्हणजे १८६३ च्या डिसेंबरात पंधरा पुरी होऊन सोळावे नुकतेच लागले होते, आणि त्यांनी आपल्या रिवाजाप्रमाणे सोळा लिहिले. हिंदू माणूस वय सांगताना चालू वर्ष धरतो, ही गोष्ट आयुक्तांना कोणी सांगितली नाही असे नाही. त्यांना ती ऐकून घ्यायची नव्हती. सुरेंद्रनाथ मग राणीच्या न्यायासनापुढे, म्हणजे क्वीन्स बेंच कोर्टात गेले आणि त्यांनी आयुक्तांविरुद्ध परमादेश मागितला. वीस वर्षांचा परका मुलगा साम्राज्याच्या राजधानीत त्याच साम्राज्याच्या अधिकाऱ्यांना कोर्टात खेचतो, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. कोर्टाचा रोख अर्जदाराच्या बाजूचा दिसला. आयुक्तांना माघार घ्यावी लागली, आणि सुरेंद्रनाथांबरोबर ठाकुरांचेही नाव यादीत परत आले.

ही झाली पहिली दाद. ती मिळाली, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे; कारण पुढली सगळी हकीकत या दादीच्या शेजारी ठेवूनच वाचायची आहे.

१८७० साली मुलगा विलायतेत असतानाच सुरेंद्रनाथांचे वडील डॉ. दुर्गाचरण वारले. १८७१ साली शेवटली परीक्षा देऊन सुरेंद्रनाथ परत आले आणि त्यांना सिल्हेट येथे असिस्टंट मॅजिस्ट्रेट म्हणून नेमण्यात आले. सिल्हेट आज बांगलादेशात आहे. त्या वेळी ते बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या अमलाखाली होते. वरचा अधिकारी सदरलँड नावाचा अँग्लो-इंडियन गृहस्थ. आरंभी दोघांचे बरे होते. मग खात्याच्या परीक्षेत सुरेंद्रनाथ पुढे गेले, त्यांना वरच्या दर्जाचे अधिकार मिळाले, आणि त्यांच्याच कचेरीतला एक गोरा सहकारी मागे राहिला. साहेबाचे मन फिरले ते तेव्हापासून, असे सुरेंद्रनाथांनी १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. हा एका बाजूचा पुरावा आहे, आणि तो पन्नास वर्षांनंतरच्या आठवणीतला आहे, हे विसरून चालणार नाही. पण मोफसलच्या कचेऱ्यांचा ज्यांना अनुभव आहे त्यांना तो अशक्य वाटणार नाही.

खटला निघाला तो एका होडीच्या चोरीवरून. आरोपीचे नाव युधिष्ठिर. खटला सुरेंद्रनाथांच्या फाइलीत आला आणि तारखा पडत राहिल्या. त्या काळी, आणि खरे म्हणजे आजही, न्याय देणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोक्यावर तक्त्यांचे ओझे असे: इतके खटले निकाली, इतके शिल्लक, शिल्लक का राहिले त्याची कारणे लिहा. जो आरोपी पळून गेला त्याच्या खटल्याचे कारण लिहावे लागत नसे. तो 'फरारी'च्या यादीत टाकला की तक्ता स्वच्छ. १८७२ सालच्या अखेरीस युधिष्ठिराचे नाव या फरारी यादीत चढले. युधिष्ठिर मात्र फरारी नव्हता. त्या हुकमावर सही असिस्टंट मॅजिस्ट्रेटची होती.

सुरेंद्रनाथांचे म्हणणे असे की, पेशकाराने कागदांचा गठ्ठा पुढे ठेवला आणि आपण नेहमीप्रमाणे सह्या केल्या; त्या गठ्ठ्यात हा हुकूम होता. पेशकार म्हणजे आपल्याकडच्या मामलेदार कचेरीतला कारकून समजा. साहेबापुढे कागद ठेवणारा, कुठे सही करायची ते बोटाने दाखवणारा. ज्याने कधी कचेरीत नोकरी केली आहे, त्याने छातीवर हात ठेवून सांगावे की, आपण प्रत्येक कागद वाचून सही केली. सदरलँडने खुलासा मागितला. खुलासा समाधानकारक वाटला नाही. प्रकरण वर गेले. आरोपांची यादी झाली, पण तिच्यातली मुख्य कलमे दोनच: खटल्याची दिरंगाई झाकण्यासाठी जाणूनबुजून खोटी नोंद करविली, आणि खुलासा मागितल्यावर खोटे बोलला. एक हलगर्जीपणा होता, यात मला तरी शंका वाटत नाही. खुलासाही नवख्या, घाबरलेल्या माणसाचा होता. पण हलगर्जीपणा आणि लबाडी यांच्यात जे अंतर आहे, त्या अंतरावरच या सगळ्या प्रकरणाचा निकाल अवलंबून होता.

चौकशीसाठी तीन गोऱ्या अधिकाऱ्यांचे मंडळ बसले. प्रिन्सेप त्याचे अध्यक्ष होते. चौकशी कलकत्त्यात व्हावी ही सुरेंद्रनाथांची विनंती मान्य झाली नाही. ती सिल्हेटमध्येच झाली, म्हणजे ज्या कचेरीतले नोकर साक्षीदार आणि ज्या कचेरीचा वरिष्ठ फिर्यादी, त्याच कचेरीच्या सावलीत. मंडळाने दोष ठेवला. बंगाल सरकारकडून कागद हिंदुस्थान सरकारकडे, तेथून लंडनला भारतमंत्र्यांकडे गेले. १८७४ साली सुरेंद्रनाथ नोकरीतून बडतर्फ झाले. दया म्हणून दरमहा पन्नास रुपयांचा तनखा देण्यात आला. सरकारला दयाही येते, आणि ती पै-पैच्या हिशेबात येते!

येथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. चौकशीच्या कागदांत आरोपी हिंदी आहे म्हणून त्याला घालवतो, असे वाक्य कोणी लिहीत नसतो. भेदभाव हा कागदावर कधीच सापडत नाही. तो दोन कागद शेजारी ठेवले तरच दिसतो. अशीच चूक गोऱ्या असिस्टंटने केली असती तर काय झाले असते? ताकीद मिळाली असती, फार तर बढती अडली असती, दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली असती. पण ते दुसरे कागद कोणाच्या कपाटात? ज्याच्याविरुद्ध दाद मागायची त्याच्याच. तेव्हा बडतर्फ माणसाने आपला वर्ण हे आपल्या शिक्षेचे कारण आहे असे म्हणायचे, तर त्याच्या हाती पुरावा म्हणून उरते ती फक्त त्याची स्वतःची खात्री.

सुरेंद्रनाथ त्या खात्रीवर पुन्हा विलायतेला गेले. पाच वर्षांपूर्वी लंडनने न्याय दिला होता, तो पुन्हा मिळेल अशी आशा होती. पण १८६९ आणि १८७४ यांत एक फरक होता, आणि तो माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. पहिल्या वेळी ते कोर्टात गेले होते. परीक्षेचे नियम ठरलेले होते, वय किती हा वस्तुस्थितीचा प्रश्न होता, आणि तिऱ्हाइत न्यायाधीश तो ऐकायला तयार होते. दुसऱ्या वेळी कोर्टाचा दरवाजा बंदच होता. राजसत्तेचा नोकर राजसत्तेच्या मर्जीवर नोकरी करतो, हे इंग्रजी कायद्याचे जुने तत्त्व. मर्जी संपली की नोकरी संपली. मर्जी का संपली, हे विचारण्याचा अधिकार नोकराला नाही. उरला होता तो अर्ज, तोही इंडिया ऑफिसकडे, म्हणजे ज्या भारतमंत्र्याच्या कचेरीतून बडतर्फी कायम होऊन आली तिच्याकडेच. १८७४ च्या फेब्रुवारीत तेथे लॉर्ड सॉल्सबरी आले होते. फिर्याद ऐकणारा आणि जिच्याविरुद्ध फिर्याद ती कचेरी, दोन्ही एकच. उत्तर काय येणार ते वेगळे सांगायला नको. बडतर्फी कायम झाली.

म्हणून त्यांनी बॅरिस्टर होण्याचे ठरविले. मिडल टेंपलमध्ये सत्रे भरली. पण १८७५ साली तेथल्या धुरीणांनी त्यांना सनद नाकारली. सरकारी नोकरीतून काढलेला माणूस वकिलीला अपात्र, असा त्याचा अर्थ. एका शिक्षेच्या पोटात दुसरी शिक्षा कशी असते, ती ही. लंडनमध्ये त्यांचे वर्षभर वाचन चालले होते. सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत बर्क, मॅझिनी वगैरे. मग ते परत आले.

परत आलेल्या बडतर्फ माणसाकडे त्या काळी लोक कसे पाहत, याची आज कल्पना येणे कठीण आहे. सरकारने काढला म्हणजे काहीतरी केलेच असेल, असे आप्तसुद्धा म्हणत. त्यांना उभे केले ते ईश्वरचंद्र विद्यासागरांनी. आपल्या मेट्रोपोलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी सुरेंद्रनाथांना इंग्रजीचे प्राध्यापक नेमले. २६ जुलै १८७६ रोजी कलकत्त्यात इंडियन असोसिएशनची स्थापना झाली. त्याच दिवशी सुरेंद्रनाथांचा एकुलता मुलगा गेला होता. तरीही ते सभेला गेले आणि बोलले.

आणि मग पुन्हा वय आले. सॉल्सबरींनी सनदी परीक्षेची कमाल वयोमर्यादा एकवीसवरून एकोणीसवर आणली. हिंदी मुलाने एकोणिसाव्या वर्षाच्या आत समुद्र ओलांडून, परक्या भाषेत, परक्या मुलांशी चढाओढ करावी, म्हणजे व्यवहारात करूच नये, असाच याचा अर्थ होता. ज्या माणसाला वयाच्या एका वर्षावरून एकदा बाहेर काढले होते, त्यालाच ही नवी अट देशभर फिरून लोकांना समजावून सांगण्याचे काम मिळाले. १८७७ साली त्यांनी लाहोरपासून काशीपर्यंत उत्तर हिंदुस्थान पालथा घातला, दुसऱ्या खेपेस ते मुंबई, सुरत, अहमदाबाद, पुणे, मद्रास येथे आले. एका प्रश्नावर सगळ्या इलाख्यांतल्या लोकांनी एका तोंडाने बोलावे, हा प्रयोग काँग्रेसच्या जन्माआधीचा. १८९५ साली काँग्रेस पुण्यात भरली, तिचे अध्यक्ष सुरेंद्रनाथच होते. सामाजिक परिषदेच्या मंडपावरून पुण्यात जे रण माजले त्याच्या धुरळ्यात अध्यक्षांकडे आपल्या इतिहासकारांचे लक्ष जरा कमीच गेले आहे.

या सगळ्यात श्रीपाद बाबाजी ठाकूर कुठे गेले? ते नोकरीत राहिले. मुंबई इलाख्यात त्यांनी आपले काम केले. आज त्यांचे नाव घेतले तर मुंबई-पुण्यातले जाणतेदेखील क्षणभर विचारात पडतात. एकाच यादीतून खोडलेली, एकाच वेळी परत लागलेली ही दोन नावे. ज्याची नोकरी गेली तो इतिहासात राहिला, आणि ज्याची राहिली तो नोकरांच्या जुन्या नामावळीत. सुरेंद्रनाथांवर अन्याय झाला म्हणून देशाचे भले झाले, असे म्हणण्याची एक चाल आहे. मला ती पसंत नाही. ज्याच्यावर अन्याय होतो तो काही देशाचे भले व्हावे म्हणून होत नसतो. आणि नोकरी गेलेल्या शंभरांतल्या नव्याण्णवांचे पुढे कुणी नावही घेत नाही.

त्या नव्याण्णवांची आठवण आपल्याकडे आणून देतो तो क्रॉफर्ड प्रकरणाचा शेवट. मध्य भागाचा कमिशनर आर्थर क्रॉफर्ड याच्यावर १८८८ साली मामलेदारांकडून पैसे खाल्ल्याचे आरोप आले. खरे बोला, तुम्हांला धक्का लागणार नाही, असे अभय मुंबई सरकारने मामलेदारांना दिले होते. चौकशीत साहेब लाचलुचपतीच्या आरोपातून सुटले. हाताखालच्या लोकांकडून कर्जे काढल्याचा ठपका राहिला आणि त्यावर त्यांची नोकरी गेली. तेव्हा गोरा म्हणून साहेब नोकरीत राहिला, असे म्हणता येणार नाही. पण पुढे विलायतेत ओरड झाली, आणि अभय घेऊन पैसे दिल्याचे कबूल करणाऱ्या काही मामलेदारांनाच घरी बसविण्यात आले. टिळक त्यांच्या बाजूने उभे राहिले. साहेबासाठी रीतसर चौकशी झाली होती. मामलेदारांसाठी विलायतेतली ओरड पुरली.

मर्जीचे तत्त्व पुढे फार सावकाश झिजले. १९१९ च्या कायद्याने नेमणूक करणाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने नोकराला काढू नये, एवढे संरक्षण दिले. चौकशीचे नियमही झाले. पण ते पाळले नाहीत तर कोर्टात दाद मागता येत नाही, असा निर्वाळा प्रिव्ही कौन्सिलने मद्रासेकडच्या एका नोकराच्या खटल्यात दिला. म्हणजे नियम आहेत, पण तक्रार पुन्हा वरच्या साहेबाकडेच करायची. १९३५ च्या कायद्याचे २४० वे कलम मात्र वेगळे निघाले. काढण्यापूर्वी नोकराला आपली बाजू मांडण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे, असे ते म्हणत होते. पंजाबातले सनदी अधिकारी आय. एम. लाल यांना १९४० साली बडतर्फ केले होते. ते कोर्टात गेले, फेडरल कोर्टातून प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, आणि १९४८ साली निकाल झाला की वाजवी संधी दिली नव्हती, सबब बडतर्फी रद्दबातल. सनदी नोकर बडतर्फीविरुद्ध लंडनला जाऊन जिंकला, तो सुरेंद्रनाथांनंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी. आणि तोवर ज्या सरकारने काढले होते ते सरकारच उरले नव्हते. थकलेला पगार मात्र त्या निकालाने हाती आला नाही.

'वाजवी संधी'चे हे शब्द आपल्या राज्यघटनेच्या ३११ व्या कलमात आले. शेजारी १६ वे कलम आहे: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून सरकारी नोकरीत भेद करता येणार नाही. ज्या मसुदा समितीने ही घटना सिद्ध केली तिच्या अध्यक्षांना हा विषय पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. १९१७ साली कोलंबियाहून व लंडनहून शिकून आलेले आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर फाइली लांबून फेकत, आणि राहायला जागा म्हणून जी पारशी खाणावळ मिळाली होती तिथून त्यांना काठ्या घेतलेल्या माणसांनी बाहेर काढले. त्यांना कोणी बडतर्फ केले नाही. चौकशीही झाली नाही, ठपकाही नव्हता. माणूस आपणच नोकरी सोडून मुंबईला परत आला. अशा जाण्याविरुद्ध अर्ज कोणाकडे करायचा, याची तर १८७४ सालच्या इंडिया ऑफिसातही सोय नव्हती!

आज बडतर्फ नोकराला केंद्राच्या किंवा राज्याच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाता येते; केंद्राच्या न्यायाधिकरणाचा कायदा १९८५ चा. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने असेही ठरविले की, ३११ व्या कलमात जे अपवाद सांगितले आहेत त्या प्रसंगी चौकशीवाचूनही नोकराला काढता येते. दरवाजा उघडला आहे, पण त्याला एक दिंडी आहे, आणि दिंडीची किल्ली सरकारकडे आहे. आणि माझ्यासारखीच चूक करणारा शेजारचा मात्र सुटला, हे दाखवायला लागणारे कागद अजून बहुधा पहिल्याच कपाटात असतात.

सुरेंद्रनाथांची बडतर्फी कोणी कधी रद्द केली नाही. १९०९ च्या सुधारणांनंतर नव्या कायदेमंडळाच्या निवडणुकीला बडतर्फ सरकारी नोकराने उभे राहू नये असा नियम झाला, तेव्हा बंगालच्या सरकारने त्यांच्यापुरती ती अडचण दूर केली. फाळणीच्या निषेधार्थ ते उभेच राहिले नाहीत. १९२१ साली त्याच सरकारने त्यांना सर ही पदवी दिली आणि ते बंगालचे स्थानिक स्वराज्य खात्याचे मंत्री झाले. कलकत्त्याचा १९२३ चा नगरपालिका कायदा त्यांनीच पार पाडला. त्या दिवसांत मंत्र्याच्या खात्याचा सचिव हा सनदी नोकर असे. सिल्हेटच्या कचेरीत पेशकाराने पुढे ठेवलेला एक कागद न वाचता सही केली म्हणून ज्याला त्या नोकरीतून काढले, त्याच्यापुढे त्याच नोकरीतला अधिकारी फाइली ठेवू लागला. सुरेंद्रनाथ त्या वेळी बहात्तर वर्षांचे होते. आपल्या जुन्या हिशेबाने, त्र्याहत्तरावे लागले होते.